कथक आणि हिप-हॉप एकत्र आणून मोबाइलसाठी गोष्ट सांगणारा व्हिडिओ कसा बसवावा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सहा वर्षं कथक शिकताय, मैत्रीण हिप-हॉप करते, दोघींना मिळून दीड मिनिटात नाचातून एक गोष्ट सांगायची आहे, आणि त्याची खिचडी होईल अशी भीती वाटते. मी पुण्यात कथक शिकवते आणि काही वर्षं असे छोटे व्हिडिओही बसवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एकच आहे. दोन शैली एकमेकींत मिसळू नका. गोष्ट जिथे वळते तिथेच शैली बदला, आणि ती का बदलली हे पाहणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे.

हे मला पहिल्या व्हिडिओत उमगलं. गोष्ट होती रात्रपाळी करून घरी परतणाऱ्या नर्सची. आम्ही दर आठ मात्रांना शैली पालटत होतो: जरा तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, जरा पॉपिंग, म्हणजे हिप-हॉपमधली झटक्यांची शैली, मध्येच लावणीची एक अदा. तालमीत सगळ्यांना मजा आली. माझ्या आत्याला दाखवलं तर ती काळजीने म्हणाली, "अगं, तिला मध्ये मध्ये काय होतंय?" तिला नाच येत नाही, पण गोष्ट कळते. तिला जे कळलं नाही ते आम्ही सांगितलंच नव्हतं.

मग सगळं मोडून पुन्हा बसवलं. वॉर्डमधली कामं, म्हणजे सलाइन पाहणं, चादर ओढणं, नोंदवहीत लिहिणं, एवढी पॉपिंगमध्ये ठेवली. त्यात स्नायू क्षणात आवळून सोडायचा असतो, त्यामुळे रोज तेच ते करून यंत्रासारखं झालेलं शरीर लगेच दिसतं. दारात ती बूट काढते आणि अनवाणी पाऊल फरशीवर पडतं, तिथून कथक. आई झोपलेली आहे म्हणून घुंगरू नाहीत, नुसती 'गत', म्हणजे कथकमधली भाव दाखवणारी हलकी चाल. बूट काढणं हेच आमचं वळण. तुमच्याही गोष्टीत असा एखादा साधा क्षण नक्की असेल. स्टेप्स बसवायच्या आधी तो शोधा.

पॅरिसमधली तमिळ वंशाची नृत्यदिग्दर्शिका उषा जे हिचे 'हायब्रिड भरतम' या मालिकेतले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. २०२२ मध्ये त्यातला एक जगभर फिरला. मैत्रिणीला सोबत घेऊन ते आवाज बंद करून पुन्हा पाहा. भरतनाट्यम चालू असतं तेव्हा ते पुरतं भरतनाट्यम असतं, हिप-हॉप येतं तेव्हा पुरतं हिप-हॉप. ती एकीतून दुसरीत जाते, दोन्ही पातळ करून मधलं काहीतरी करत नाही.

आता जोडाच्या जागेबद्दल, कारण खरी मेहनत तिथे आहे. मैत्रीण आठच्या मोजणीत नाचते, तुम्ही तीनतालाच्या सोळा मात्रांत. तिचे दोन आठ म्हणजे तुमचं एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, त्यामुळे गणित सोपं आहे. फरक वजनाचा आहे. कथकचं शरीर उभं आणि ताठ, लय तळव्यात. हिप-हॉपमध्ये गुडघे सैल असतात आणि लय सगळ्या अंगातून खाली जमिनीकडे जाते. म्हणून बदलाच्या आधी निदान चार मात्रा थांबा किंवा साधं चाला, शरीराला वजन बदलायला वेळ मिळतो. नाहीतर तिहाई घ्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा. तिसऱ्या वेळचा शेवटचा 'थेई' समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येतो हे पाहणाऱ्याला नाव माहीत नसलं तरी कानाने कळतं, आणि त्या समेवर नवी शैली सुरू झाली की ती आपोआप बरोबर वाटते.

कॅमेऱ्याचा कट मात्र समेवर करू नका, त्याच्या किंचित आधी, हालचाल चालू असताना करा. अमेरिकेतल्या प्रायोगिक चित्रपटकार माया डेरेन यांनी १९४५ मध्ये कॅमेऱ्यासाठी नृत्य रचताना हे करून दाखवलंय: नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो घराच्या खोलीत. हालचाल अखंड राहते, जागा बदलते. माझ्या मते आजही व्हिडिओतला नाच शिकायला याहून चांगला धडा नाही. आमच्या नर्सचा पाय बुटातून निघाला दारात आणि टेकला स्वयंपाकघरात.

उभ्या चौकटीचा विचार आधीच करा. कथकच्या चकरा एका जागी होतात, त्या उभ्या चौकटीत सुरेख बसतात. आडवी सरकणारी हालचाल बाहेर जाते. आणि पायापासून डोक्यापर्यंत सगळं दाखवलं तर चेहरा नखाएवढा होतो. म्हणून प्रत्येक शॉटला ठरवा, पाय दाखवायचे की डोळे.

डोळ्यांवरून लावणीबद्दल सांगायलाच हवं. फडाची लावणी मोठ्या गर्दीसाठी असते, पण बैठकीची लावणी समोर बसलेल्या मोजक्या रसिकांसाठी. कलावंत बसल्या जागी एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा वेगळी अदा करते. भुवई, मान, पदराचं टोक, बस. वाईच्या यमुनाबाई वाईकर या बैठकीच्या परंपरेतल्या थोर कलावंत, त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. मोबाइल आपण जेवढ्या अंतरावर धरतो, त्या अंतराला शोभणारं इतकं बारीक काम आपल्याकडे आधीपासून आहे. आमच्या व्हिडिओच्या शेवटी नर्स बसून दूरगावी असलेल्या नवऱ्याशी फोनवर बोलते. तो भाग आम्ही एका ज्येष्ठ लावणी कलावंत बाईंकडे आठवडाभर बसून शिकलो आणि त्यांना रीतसर मानधन दिलं. बाई एकच वाक्य सांगून आम्हाला थांबवत राहिल्या: "बाळा, आधी मनात येऊ दे, मग डोळ्यात." दोन स्टेप्स उचलून तडका म्हणून लावणी घालतात त्याचा मला खरंच त्रास होतो. ज्या बायकांनी ती अपमान सोसून जपली, त्यांचं त्यात नावही नसतं. हिप-हॉपबाबतही तसंच. तुमच्या मैत्रिणीने तुम्हाला त्याचा पाया शिकवावा, तुम्ही तिला तत्कार. महिनाभर तरी.

आवाजाचं थोडक्यात: मोबाइलच्या स्पीकरवर डग्ग्याची (तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याची) घुमक आणि बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. घुंगरू, ढोलकी, तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा टणक आवाज, टिकते. तुमची लय त्या आवाजांवर बांधा. शूटिंगला ब्लूटूथ स्पीकर नको, त्यात आवाज उशिरा येतो आणि तुम्ही मूळ ट्रॅकच्या मागे नाचता, वायरचा वापरा. प्रसिद्ध गाणं घेतलंत तर हक्काच्या दाव्यात व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. ओळखीच्या तबलावादकाकडून लेहऱ्यासह (तालाबरोबर पुन्हा पुन्हा वाजणारी धून) सोळा मात्रांची काही आवर्तनं वाजवून घ्या, आणि त्यांचं नाव व्हिडिओवरच लिहा. खालची माहिती फारसं कुणी उघडत नाही.

गोष्ट ठरली की इथेच एका वाक्यात लिहून टाका. बूट कुठे काढायचे ते मिळून शोधू.