फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांचं क्लिनिकल ट्रेनिंग चांगलं चाललंय का, हे कसं तपासायचं?

तास पूर्ण आहेत, लॉगबुकं भरलेली आहेत, तरी मुलं खरंच शिकली का याचा अंदाज येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो लॉगबुकवरून येणारही नाही. विद्यार्थी पेशंटला हात लावून काम करतो तेव्हा शेजारी कोणी उभं राहून बघतं का, आणि लगेच नेमकं काय सांगतं, यावर बहुतेक सगळं ठरतं.

लॉगबुक टाकून देऊ नका, पण केसेसची संख्या मोजू नका. नुसतं आयएफटी (सौम्य विद्युतप्रवाहाने वेदना कमी करायचं मशीन) किंवा अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) लावलं तरी केस म्हणून नोंद होते. कुठल्याही दहा नोंदी उघडा. हिस्टरी विद्यार्थ्याने स्वतः घेतलीय का? ध्येय मोजता येण्यासारखं आहे का? ‘वेदना कमी करणे’ हे ध्येय नव्हे. ‘दोन आठवड्यांत काठीशिवाय ५० मीटर चालणे’ हे ध्येय. रीअसेसमेंटची, म्हणजे उपचारानंतर पुन्हा तपासल्याची, नोंदच नसेल, तर उपचार लागू पडला की नाही हे त्या मुलाला कधी कळलेलंच नाही.

मग प्रत्यक्ष बघायला जा. मिनी-सीईएक्स (Mini-CEX, प्रत्यक्ष काम बघून केलेलं छोटं मूल्यमापन) ही पद्धत इथे फार उपयोगी पडते: १५-२० मिनिटं मध्ये न बोलता निरीक्षण, नंतर ५-१० मिनिटं फीडबॅक. गुडघा किती वाकतो हे मोजायला सांगा. गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाचा) मध्य मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या एपिकॉन्डाइलवर (गुडघ्याजवळच्या उंचवट्यावर), स्थिर पट्टी ग्रेटर ट्रोकँटरच्या (त्याच हाडाच्या खुब्याजवळच्या उंचवट्याच्या) दिशेने, हलती पट्टी बाहेरच्या घोट्याकडे. चूक बहुतेक वेळा स्थिर पट्टीत होते, कारण ट्रोकँटर हाताने चाचपून न बघता अंदाजाने धरला जातो. विद्यार्थ्याचा आकडा न बघता सुपरवायझरने स्वतः मोजावं. फरक पाच अंशांहून जास्त आला, तर दोघांनी तिथेच पुन्हा मोजावं. फीडबॅक कसा दिला जातो तेही ऐका. ‘छान, कॉन्फिडन्स वाढव’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘पेशंटला उभं करण्याआधी बीपी बघितलं नाहीस, व्हीलचेअरचे ब्रेक उघडे होते’ हा फीडबॅक.

गुणांसाठी घरचा फॉर्म करण्यापेक्षा ऑस्ट्रेलियात तयार झालेलं एपीपी (असेसमेंट ऑफ फिजिओथेरपी प्रॅक्टिस) हे मूल्यमापन बघा. त्यात २० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण. पण फॉर्म कितीही चांगला असला तरी सगळ्यांना सरसकट तीनच गुण पडत असतील तर तो वाया गेला. म्हणून सगळ्या सुपरवायझरना एकाच विद्यार्थ्याचा व्हिडिओ दाखवा, स्वतंत्रपणे गुण द्यायला लावा आणि जिथे फरक पडेल तिथे चर्चा करा. हे वर्षातून एकदा तरी करायलाच हवं.

मूल्यमापन पोस्टिंगच्या (एका विभागात काम करायच्या ठरलेल्या काळाच्या) मध्यावर होतं का, हे जरूर विचारा. शेवटच्या दिवशी दाखवलेली चूक सुधारायला पेशंटच उरत नाही, आणि मुलांवर हा सरळसरळ अन्याय आहे.

विद्यार्थ्यांचं मत गुण जाहीर झाल्यावर घ्या. बॅच तीन-चार जणांचीच असेल तर नाव न लिहिताही कोण ते ओळखू येतं, म्हणून दोन-तीन बॅचचे फॉर्म एकत्र करूनच सुपरवायझरना दाखवा. ‘पोस्टिंग आवडली का’ असं विचारू नका. ‘गेल्या आठवड्यात तुझं काम पूर्ण सेशनभर किती वेळा बघितलं गेलं?’ असं विचारा. उत्तर ‘एकदाही नाही’ असं येत असेल, तर आधी एका सुपरवायझरकडे विद्यार्थी किती आहेत आणि त्याच वेळी त्याच्यावर ओपीडीचा किती भार आहे, ते तपासा.