‘वापर’ या रकान्यावर थांब

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

झोपडपट्टी पुनर्वसनात सक्षम प्राधिकारी म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. निवृत्त झालो तरी या कामातून माझं मन निघालेलं नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या टेबलावर आधी येईल ते परिशिष्ट-२, पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी. मोफत घरासाठी लागणारा १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा, वीजबिल, मतदार यादीतलं नाव एवढं तपासून सही करता येते. तू मात्र ‘वापर’ या रकान्यावर थांब. तिथे सरसकट ‘निवासी’ लिहिलेलं सापडेल. धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन बघ. चाक, मडकी आणि संसार एकाच छपराखाली, भट्टी बाहेर सामाईक. पापड लाटणाऱ्या बायका आहेत. त्यांचे पापड दारात उपड्या टोपल्यांवर वाळत असतात. त्यांना ऊन हवं, अंगण हवं. अशा कुटुंबाला नेहमीच्या योजनेतलं ३०० चौरस फुटांचं घर सातव्या मजल्यावर मिळालं, की कमाई बंद आणि मेंटेनन्स सुरू. मग ते घर भाड्यानं देऊन परत झोपडीत जातात आणि आपण त्यांनाच लबाड म्हणतो. हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून पाहणीला नुसत्या कारकुनाला धाडू नकोस. भर दुपारी, काम चालू असताना स्वतः जा. अनिवासी किंवा संयुक्त वापर दिसला तर तिथेच पंचनाम्यात नोंदव, फोटो जोड. ही नोंद राहून गेली, की पुढे अपिलात ती सिद्ध करताना त्या बाईच्या चपला झिजतात, रोज बुडतो तो वेगळाच.

सवड काढून नवी मुंबईचा इतिहासही वाच. हे नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. घरं उभी राहिली, पण नोकऱ्या बराच काळ मुंबईतच राहिल्या. मंत्रालय खाडी ओलांडून गेलंच नाही. वाशीला खरी वर्दळ आली ती घाऊक बाजार तिकडे हलल्यावर आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल पोचल्यावर. घर आणि पोट यांच्या फायली आपण वेगवेगळ्या खात्यांत ठेवतो. तू त्या एकत्र ठेवून बघ.

विकासकाचे नकाशे आले की तळमजल्यावर कामाचे गाळे किती आणि गच्ची रहिवाशांना खुली राहणार की कुलपात, हे विचार. उत्तर लेखी घे. प्रारूप यादी हरकतींसाठी लावण्याआधी मला फोन कर, आपण बसून एकदा बघू.

तुझा,
काका