चावी फिरवली की नुसता टकटक आवाज येतो, गाडी चालूच होत नाही, काय झालं असेल?

भराभर टकटकटक येत असेल तर आधी बॅटरीच बघा, स्टार्टर (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) खोलायला लगेच कुणाला देऊ नका प्लीज. हेडलाईट लावा आणि चावी फिरवा, लाईट एकदम मंद झाली तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल (बॅटरीला वायर जोडतात ती जागा) सैल आहे. बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा, हललं तर तिथेच घोळ आहे, आणि त्यावर पांढरी-हिरवी पावडर साठली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा (टर्मिनलची वायर काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, हे मात्र विसरू नका). मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, १२ च्या खाली म्हणजे चार्ज संपलाच.

लाईट लख्ख आणि एकच मोठा टक् आला तर स्टार्टर किंवा त्याचा सोलेनॉइड (स्टार्टरला करंट देणारा स्विच) बिघडलाय.

जंप देऊन (म्हणजे दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून) चालू झाली तर लगेच बंद करू नका, चालू गाडीत बॅटरीवर १४ व्होल्टच्या जवळपास येतंय का बघा, १२ वरच अडकलं असेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर वीज बनवून बॅटरी भरणारा भाग) चार्ज करत नाहीये, मग नवी बॅटरी टाकलीत तरी तीही उतरणारच.