९९ टक्के सूर्यग्रहण घरूनच दिसणार असेल तर खग्राससाठी लांब जायची खरंच गरज आहे का?

हो, जमत असेल तर जाच, ९९ टक्के आणि खग्रास यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण ४ लाख पट तेजस्वी, म्हणजे १ टक्का उरला तरी उजेड हजारो पौर्णिमांएवढा, आणि सूर्याभोवतीचा करोना, म्हणजे त्याचं विरळ बाहेरचं वातावरण, जेमतेम एका पौर्णिमेच्या चंद्राइतका, मग तो त्या झगमगाटात दिसणार कुठून? खग्रास लागताना शेवटचा ठिपका हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकून जातो आणि काळ्या चकतीभोवती करोनाचे पांढरे तंतू एकदम उमटतात, कडेला कधी गुलाबी ज्वाळा, भरदिवसा शुक्र, क्षितिजावर चहूबाजूंनी संध्याकाळचा तांबूसपणा, हवाही गार पडते. फोटोंच्या नादी लागू नका, जास्तीत जास्त साडेसात मिनिटं मिळू शकतात, बहुतेकदा त्याच्या निम्मीपण नाही. फक्त एक, ग्रहणाचा चष्मा पूर्ण खग्रास असतानाच काढायचा, कड परत चमकली की लगेच डोळ्यावर. आणि ढग आले तर नुसता अंधार मिळतो, त्यामुळे जागा ठरवताना त्या महिन्यात तिथं आभाळ सहसा कसं असतं ते आधी बघा, किती सेकंद जास्त मिळतील ते नंतर.