गाडीला काम दे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मॉडेल रेल्वेचा नकाशा पाहिला. कपाटावरची दीड मीटर लांब, चाळीस सेंटीमीटर रुंद फळी, आणि तिच्यावर लंबगोल रूळ, दोन बोगदे, वर बारा डब्यांची लोकल! आता जरा टेप हातात घे. आपल्या लोकलचा डबा साधारण 20 मीटरचा. एचओ या मॉडेलच्या मापात, म्हणजे 1:87 मध्ये (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा), तो 23 सेंटीमीटर होतो. बारा डबे पावणेतीन मीटर. गोल पुरा करायला रुंदीच पाऊण मीटर लागेल.

माझाही पहिला रूळ लंबगोलच होता. तीन संध्याकाळी गाडी फिरली, मग त्यावर चादर पडली. गाडीला जायला ठिकाण नव्हतं, करायला काम नव्हतं.

म्हणून सांगतो, लोकल सोड आणि बंदरात ये. मुंबईच्या पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे 1915 पासून होती. गोदामं, धक्के, सायडिंग म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, संथ चालणाऱ्या वाघिणी, म्हणजे मालडबे. हे सगळं फळीवर खरं वाटतं, कारण तिथे गाडी मुळातच छोटी आणि सावकाश.

आराखडा इंग्लंडच्या ॲलन राइट यांचा घे, इंगलनूक. दोन सांधे (जिथे एक रूळ दोन वाटांना फुटतो), तीन सायडिंग: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. पुढे इंजिन आणि तीन वाघिणींपुरता रूळ. एकूण आठ वाघिणी. वाघिणींच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि निघतील त्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवायची. असे 6720 क्रम होतात. चारचाकी छोट्या वाघिणी घेतल्यास तर तुझ्या फळीत बसतं.

बारीक काडीने कपलिंग, म्हणजे डबे जोडणारा आकडा, उचलायचं, इंजिन बोटभर मागे घ्यायचं, वाघीण सांध्यावरून सरकताना श्वास रोखला जातो. ते सुख गोल फिरणाऱ्या गाडीत मला कधी मिळालं नाही.

सांधे मात्र हात पोहोचेल तिथेच ठेव. वाघीण घसरते ती नेमकी तिथेच. फळीसाठी प्लाय मरीन, म्हणजे ओलाव्याला टिकणारा, घे आणि दोन्ही बाजूंनी रंगव. माझा साधा प्लाय एका पावसाळ्यात वाकला आणि सगळे जोड उघडले. दमट हवेत रूळही काळे पडतात, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत जा. वायर मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळेल.

आधी वर्तमानपत्रं जोडून रूळ फळीवरच्याच मापात आख, त्यावर पुठ्ठ्याच्या वाघिणी सरकवून बघ. रविवारी ते कागद घेऊन ये. शंटिंगचं, म्हणजे डबे पुढे-मागे हलवून जुळवायचं, इंजिन मी काढून ठेवतो.

तुझा,
काका