उजेड दिसला की परत घास

भावा, नाशिकला सातपूरच्या आयटीआयला फिटरला नंबर लागला, झकास. २ वर्षांतले सुरुवातीचे महिने नुसती लोखंड घासायची कानसच चालवायची. हात भरून येतात, कंटाळा येतो. पळू नकोस. तुकड्याला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धर. फटीतून उजेड दिसला की परत घास. माझे चार तुकडे भंगारात गेले होते!

पास झाल्यावर लगेच अंबडच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागू नकोस. मी लागलो, वर्ष गेलं. आधी ॲप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी कर. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं स्टायपेंड मिळतो. तुटपुंजा असतो, पण डबा-भाड्याला हातभार लागतो.

गावाकडच्या बहिणीला शिवणकाम शिकायचंय ना? तिला बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पाठव. शिकणं, राहणं, जेवण फुकट, वर कर्जासाठी पाठपुरावाही करतात. त्यासाठी एजंटाला दमडीही देऊ नका.