कार्बवाल्या (कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) रॉयल एनफील्ड क्लासिक 350 ला फ्री फ्लो सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर टाकला, आता थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात आणि पिकअप मरतो, काय करू?

गाडी लीन चालतेय भावा, हवा जास्त जायला लागली पण पेट्रोल आधीइतकंच येतंय. अशीच हायवेला ताणू नकोस, इंजिन तापून पिस्टन धरू शकतो. आधी सायलेन्सरचा जॉईंट आणि कार्ब आणि इंजिनच्या मधलं रबर लीक नाही ना ते बघ, कारण तिथून हवा खेचली तरी असेच फटाके येतात.

मग मेन जेट (कार्बमधलं फुल थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं भोकाचं नोझल) एक साईज मोठा टाक, एकदम तीन-चार नाही, आणि फुल थ्रॉटलला थोडं पळवून तिथेच क्लच दाबून इंजिन बंद कर आणि प्लग काढून बघ, पांढरा असेल तर अजून लीन, काळा काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त झालं, कॉफीसारखा तपकिरी आला की बरोबर. मधल्या थ्रॉटलला अडखळत असेल तर नीडल (कार्बमधली पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) वर घ्यायची, म्हणजे तिची क्लिप एक खाच खाली लावायची; तिला क्लिपसाठी खाचा नसतील तर तिच्या डोक्याखाली 0.5 मिमीचा वॉशर टाकतात.

थ्रॉटल सोडल्यावरचे फटाके मात्र पायलट सर्किटचे (कार्बमधला आयडलला पेट्रोल देणारा मार्ग), त्यासाठी इंजिन पूर्ण गरम करून मिक्शर स्क्रू (आयडलचं हवा-पेट्रोल मिश्रण जुळवणारा) अर्धा-अर्धा आटा बाहेर काढत जा, आयडल सगळ्यात स्मूद होईल तिथे थांब. तीन आट्यांच्या पुढे गेला तर पायलट जेटच बदल.